मागच्या सीटचं वजन

सासूबाईंच्या थोरल्या बहिणीने नांदेडला अंथरूण धरलं, तेव्हा इथे लातुरात सासूबाईंची पाठ धरली होती. मणक्याचं जुनं दुखणं. तरी भेटायला जायचंच म्हणाल्या. नव्या गाड्यांत वाकून शिरावं लागतं, ते त्यांना जमत नव्हतं. सासऱ्यांची जुनी गाडी उंच आहे. दार उघडलं की खाटेवर बसावं तसं बसता येतं. पण सासरे त्या गाडीतून हरभऱ्याची पोती आणत. त्यासाठी त्यांनी मागच्या पाट्यांना, म्हणजे भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, आणखी दोन पानं टाकून घेतली होती. गाडी कडक झाली, पण पोत्यांची कधी तक्रार आली नाही. सासूबाईंना मात्र कोपऱ्यापर्यंत नेलं तरी कळ मस्तकात जायची.

म्हणून पाटे काढून मागे स्प्रिंगवाले शॉकअप बसवायचं मी ठरवलं. पाटे नुसता भार पेलत नाहीत, मागचा अ‍ॅक्सलही जागेवर धरून ठेवतात. ते काढले की अ‍ॅक्सल धरायला वेगळे रॉड लागतात. औसा रोडच्या फिटरने ते वेल्डिंग करून बसवले आणि म्हणाला, “मॅडम, मागं कोण बसणार? वजनं सांगा. त्या हिशेबानं स्प्रिंगा मागवतो.”

घरी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, पंचावन्न. सोबत येणारी धाकटी जाऊ साठ म्हणाली, तेही जरा थांबून. मी दोन्ही आकडे कळवले.

गाडी तयार झाल्यावर दोघींना मागे बसवून फिरवून पाहिली. पहिल्याच गतिरोधकावर टायर मडगार्डला खर्रकन घासला आणि सासूबाई ओरडल्या. फिटरने शॉकअपवरची चकती फिरवून गाडी उचलता येईल तेवढी उचलली. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा तेच.

“स्प्रिंगा लई नरम पडल्या,” तो म्हणाला. “एकशे पंधराच्या हिशेबानं घेतल्यात.”

“स्वस्तातल्या असतील,” जाऊ म्हणाली.

“माझी साडी जड हाय,” सासूबाई म्हणाल्या.

काट्यावर उभं राहायला दोघींनीही साफ नकार दिला. त्याच संध्याकाळी नांदेडहून बहिणीच्या मुलाचा फोन आला. आई काही खाईना, मावशीला आणा.

सकाळी मी गाडी मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर घातली, जिथे सोयाबीनच्या गाड्या मोजतात. आधी दोघींना उतरवून, मग बसवून.

“आपल्याला न्हाई, गाडीला मोजायलेत,” सासूबाईंनी जावेला समजावलं.

“माल काय हाय?” काटेवाल्याने विचारलं.

“घरचाच हाय,” मी म्हणाले.

वजाबाकीतून दोघींची मिळून एकच बेरीज निघाली. कोणाचं किती ते कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे प्रत्येकीने जास्तीचं दुसरीच्या नावावर टाकलं आणि घरात शांतता राहिली. आकडा मी फिटरला सांगितला.

“मॅडम, हे तर आधीच्यापेक्षा...”

“मागवा,” मी म्हणाले.

जाड स्प्रिंगा बसल्या आणि आम्ही निघालो. लोहा गावाच्या अलीकडे रस्ता उकरून ठेवला होता. गाडी त्यात घातली आणि आरशात पाहिलं. सासूबाई तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या.

“ताई, हॉर्न नका वाजवू,” जाऊ हळूच म्हणाली.

नांदेडला सासूबाई दार धरून आपल्या आपण उतरल्या आणि चालत जाऊन बहिणीच्या खाटेवर बसल्या. बहिणीने डोळे उघडले.

“तुझी पाठ कशी हाय गं?”

“तिला काय धाड भरलीय? आ कर.”

आणि तिथल्या सुनेच्या हातातली वरणभाताची वाटी घेऊन त्या बहिणीला भरवायला लागल्या.