भिंतीवरची बातमी

वस्तीला पाणी मिळावं म्हणून आम्ही रस्ता अडवला, त्या गुन्ह्यात मला खानदेशातल्या एका तुरुंगात ठेवलं होतं. तिथल्या महिला विभागात भित्तिपत्रक निघायचं. त्यात सुविचार, अभंग आणि रंगीत मोर. मी शिकलेली म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

माझ्या शेजारी चोपड्याकडची एक अक्का झोपायची. बांधावरच्या मारामारीत घरातल्या सगळ्यांबरोबर तिलाही आत घातलं होतं. साखरेच्या आजारामुळे तिचा पाय चिघळला होता. डॉक्टर पुरुषांकडे येत आणि तिथूनच परत जात. मग मी मोर काढला नाही. मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘महिला विभागात डॉक्टर कधी येणार?’ खाली अक्काची हकिकत, तिच्या नावानिशी.

सकाळी जेलर मॅडम आल्या.

“हे काढ. साहेबांनी वाचलं तर?”

“त्यांनी वाचावं म्हणूनच लिहिलंय.”

“आणि हिचं नाव कशाला टाकलं?”

अक्का भिंतीला धरून उठली. “मीच सांगं तिले. पाय मना शे, मंग नाव बी मनंच ऱ्हाई.”

मॅडमनी कागद फाडला. कागद-पेन बंद झालं.

पंधरा ऑगस्टला तुरुंगाच्या अधीक्षक साहेबांनी भाषण केलं. स्वातंत्र्यसैनिक कोठडीत हाताने वर्तमानपत्रं लिहीत, इंग्रजांची नजर चुकवून एकमेकांना देत, असं ते अभिमानाने सांगत होते. मी रांगेतूनच विचारलं, “मग साहेब, आमचं का फाडलं?”

त्यापायी माझी मुलाखत, म्हणजे घरच्यांची भेट, बंद झाली. आई फाटकावरून परत गेली, तेव्हा मी रडले. पण त्याच संध्याकाळी बराकीत अक्काने तोंडी बातम्या सुरू केल्या. “डॉक्टर आज बी उना नही.” सगळ्या बायका एका सुरात तेच म्हणायच्या. मग डाळीची बातमी, नळाची बातमी.

पुढे तपासणीला न्यायाधीश आले. “काही तक्रार?” त्यांनी विचारलं. मॅडम “नाही” म्हणायच्या आत बराकीने सगळ्या बातम्या म्हणून दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी अक्काला दवाखान्यात नेलं. बोटं गेली, पाय वाचला.

कागद-पेन मात्र सहज मिळालं नाही; अर्जावर अर्ज करावे लागले. तोवर मी जामिनावर सुटले होते. अक्काला भेटायला गेले तेव्हा जाळीपलीकडून तिने सांगितलं, नवा अंक लागलाय. लिहिणारी मुक्ताईनगरची एक बाई, आणि पहिलीच बातमी स्वयंपाकघरातल्या गढूळ पाण्याची.