काचेखाली काय होतं

बायकोला काचबिंदू आहे हे कळलं, तेव्हा तिची दोन्ही बाजूंची नजर बरीचशी गेलेली होती. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. उरलेलं किती टिकेल, तेही त्यांना नक्की सांगता येईना. दवाखान्यातून निघून ती रिक्षात बसली. मग म्हणाली, "मला समुद्र बघायचाय. डोळे हायेत तोवर."

तिचं माहेर पैठणचं. घरात पैठणीचा माग, आणि लग्न होईपर्यंत ती त्यावर बसलेली. पाणी म्हणजे तिच्या लेखी गोदावरी, नाहीतर धरणाचा फुगवटा. मी गंगापूरकडचा. सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, मशीनच्या देखभालीवर. तिथल्या आवाजात बोलून उपयोग नसतो, म्हणून माणूस बोलायचंच सोडून देतो. घरात बोलणं तिच्याकडं होतं.

जायचं ठरलं, पण लांबत गेलं. कधी मला रजा नाही, कधी मुलीचं लग्न. शेवटी शहरातल्याच एका टूरबरोबर अंदमानला निघालो, तेव्हा तिला उजेड कळायचा, आकार कळायचे. रंग मात्र वस्तू डोळ्यांपाशी धरल्याशिवाय कळत नव्हते. म्हणजे बघायचं मी आणि सांगायचंही मीच. हे आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही, पण दोघांनाही ते माहीत होतं.

पहिले दिवस मी नीट सांगितलं, एवढं स्वतःच्या बाजूनं म्हणतो. खाडीतून होडी गेली. दोन्ही काठांना खारफुटीचं रान, मुळं पाण्याच्या वर आलेली, जणू झाडं लुगडं वर खोचून पाण्यात उभी आहेत. तसंच सांगितलं तर ती खुदकन हसली. चुनखडीच्या गुहेत मी तिचा हात ओल्या दगडावर ठेवला. वाळूवर शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा तिच्या तळहातावर सोडला. पण तिचं तेवढ्यावर भागायचं नाही.

"पाणी कसं हाय?"

"हिरवं."

"हिरवा म्हंजे कोणता हिरवा? पोपटी? कैरीचा?"

"हिरवा गं. हिरवा."

"मागावर असं म्हणला असता तर बापानं हाकलून दिलं असतं तुम्हाला."

मग मी पुन्हा बघायचो. पोपटी नव्हतं. कैरीचंही नव्हतं. माझ्याकडं शब्दच नसायचा, आणि ती वाट बघत थांबलेली असायची, मान माझ्याकडं थोडी कलती करून.

एका बेटावर समुद्रानं खडक कोरून कमान केली आहे. पाणी ओसरलं की तिथवर चालत जाता येतं. मेलेल्या पोवळ्यांच्या टोकदार दगडांवरून तिला धरून नेलं. परतताना पाणी घोट्यापर्यंत चढलं, तशी ती थबकली. "वरून पाणी सोडलं का काय?" सगळी मंडळी हसायला लागली. टूरवाला म्हणाला, "काकू, इथं धरण नाही, ही भरती आहे." ती म्हणाली, "अस्सं व्हय? मग भोंगा तरी वाजवायचा आधी." आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसली. त्या हसण्यात मी नव्हतो. माझा खांदा भरून आला होता आणि सकाळपासून बोलून तोंडाला कोरड पडली होती.

दुपारी काचेच्या तळाची होडी. मधोमध जाड काच, भोवती बाकं, सगळ्यांनी वाकून खाली बघायचं. होडीवाला ओरडत होता, "साब, नीचे देखो, नीचे!" बाजूच्या बाया "अगं बाई, अगं बाई" करत होत्या. बायको दोन्ही हात काचेच्या चौकटीवर ठेवून ओणवली होती. काचेत तिला नुसता पांढरट उजेड दिसत असणार.

"सांगा ना. काय काय हाय?"

मी काचेकडं बघितलं नाही. पाठ टेकून दूर किनाऱ्याकडं बघत बसलो. तिथं माडांची रांग होती आणि त्या माडांबद्दल कुणी काही विचारणार नव्हतं. तिथूनच म्हणालो, "पोवळी आहेत. डाळिंबी. मधे मधे अंजिरी. मोरपंखी मासे आहेत, लई. एक अबोली झुडपासारखं काहीतरी डोलतंय." एरवी मला एक शब्द सापडत नसे, तिथं ओळीनं सुचत गेले. ती ऐकत होती. चेहरा असा झाला होता की बाजूची बाई मला म्हणाली, "किती छान सांगता हो तुम्ही."

घरी आल्यावर सोसायटीत हेच झालं. बायकोचं किती करतो माणूस. मी मान हलवायचो.

पुढं पैठणला गेलो. तिचा धाकटा भाऊ अजून माग चालवतो. चहा घेताना ती त्याला आणि भावजयीला काचेखालचा समुद्र सांगत होती, एकेक रंग सावकाश, जपून. भाऊ ऐकत ऐकत हसायला लागला. "दाजी, समुद्रात आमचंच रंगवलेलं रेशीम वाळत घातलं होतं का काय?" भावजय म्हणाली, "आवो, दाजींना अबोली ओळखता आली, हेच लई झालं! माझ्या अबोली साडीला केशरी म्हणले होते मागं." सगळे हसले. मीही हसलो. बायकोनं कप खाली ठेवला. तिच्या माहेरी बसून जे रंग मी वर्षानुवर्षं कानांनी ऐकले होते, तेच तिला परत दिले होते. हे मला तिथं कळलं, आणि तिलाही.

परत येताना गाडी धरणाचा फाटा ओलांडून पुढं आली, तेव्हा तिनं विचारलं, "तुम्ही बघितलं व्हतं ना तिथं?"

"बघितलं की."

"बरं."

तेव्हापासून तिनं मला विचारणं सोडलं. भांडली नाही, रुसली नाही. जेवायला वाढायची, औषधाचे थेंब माझ्याकडूनच घालून घ्यायची. पण रस्त्यानं कोण चाललंय, कुणाची गाडी आली, पोरीनं पाठवलेल्या फोटोत नातू काय करतोय, यातलं काही मला विचारायची नाही. दारावर भाजी आली की भाजीवाल्यालाच विचारायची, "मेथी पिवळी पडलेली नाय ना?" तो विकणारा माणूस, तरी त्याच्या शब्दावर घ्यायची. त्या होडीत मला जी सुटका हवी होती, ती मला पुरेपूर मिळाली.

हे किती दिवस चाललं, ते मोजलेलं नाही. एका रविवारी ती स्वयंपाकघरात बोटांनी चाचपत मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं की होडीत मी खाली बघितलंच नव्हतं.

तिचे हात थांबले. "पोटात ढवळत होतं का?"

तिनं वाट काढून दिली होती. ती घ्यावी, असं मनात आलं.

"नाही."

"मग?"

"कंटाळा आला होता."

"माझा?"

सांगण्याचा, असं म्हणता आलं असतं. अर्धं खरंही होतं. "त्या दिवशी तुझाही," मी म्हणालो.

ती पुन्हा मेथी निवडायला लागली. काड्या एकीकडं, पानं एकीकडं करत राहिली. मग म्हणाली, "बरं, मग खरं काय व्हतं काचेखाली?"

"मला माहीत नाही."

"एवढ्या लांब नेलं मला," ती म्हणाली. ते मला ऐकवायला होतं की स्वतःशीच, ते कळलं नाही. पाटीतली मेथी तिनं पुन्हा एकदा वरखाली केली आणि उठली.

त्यानंतर आठवडाभरानं असेल, संध्याकाळी ती गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. "आभाळ आलंय का हो?"

मला विचारलं होतं. मी खुर्चीतूनच नाही म्हणणार होतो, पण उठलो, गॅलरीत गेलो आणि बघितलं. वाळूजच्या बाजूला ढग होते. खालून मळकट, कडेला पिवळसर, पण तो पिवळा हळदीचा नव्हता, केळीचाही नव्हता. हे सगळं तिला सांगितलं. नेमका शब्द येत नाही, हेही सांगितलं.

"कडेला म्हंजे वरच्या का खालच्या?"

"वरच्या. खाली नुसताच मळकट."

तिनं ऐकून घेतलं. मग कठड्यावरून वाकून खालच्या मजल्यावरच्या बाईंना हाक मारली, "वहिनी, ओ वहिनी! आभाळ आलंय का बघा बरं जरा."

त्या बघून सांगेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.