कट्ट्यावरची सात मिनिटं

टॉर्फी एंगिलबर्टसननं अडतीस वर्षांत दोन गोष्टी एक दिवसही चुकवल्या नव्हत्या. सकाळी सातला तेलाच्या भट्टीचं दार उघडणं, आणि बायकोशी एक ठरावीक खोटं बोलणं.

खोटं अगदी साधं होतं. त्याची बायको मार्सिबिल गावाच्या गरम पाण्याच्या तलावावर कामाला. द्रांगवीक हे आइसलँडच्या वायव्य टोकाचं, दोन उभ्या डोंगरांच्या मध्ये अरुंद खाडीला चिकटलेलं गाव. तिथं चावडी म्हणा, देऊळ म्हणा, सगळं त्या तलावावरच. संध्याकाळी सगळं गाव गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून एकमेकांची उणीदुणी काढतं आणि निघताना मार्सिबिलच्या टेबलाशी थांबतं. टेबलावर कॉड माशाच्या कलेजीच्या तेलाची बाटली आणि चमचे. एक चमचा तोंडात, तोंड वेडंवाकडं, आणि घरी. सप्टेंबरपासून मेपर्यंत कुणाची सुटका नाही. पाळकाचीसुद्धा नाही.

"आणि तुझा चमचा?" मार्सिबिलनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"मी भट्टीवरच घेतो. ताजं."

भट्टीवर कुणी विचारलं तर टॉर्फी खांदे पाडून म्हणायचा, "घरी बायको पाजते रे. तिच्या हातून कोण सुटलंय?"

दोन्हीकडची मंडळी समाधानी होती. खरी गोष्ट अशी, की बाविसाव्या वर्षापासून कलेज्या उकळून उकळून त्या वासानं त्याचा कोट, त्याची दाढी, घरातली उशी, सगळं व्यापलं होतं. तेच वर पोटात घालायचं म्हटलं की त्याला ढवळून यायचं. पण दरवर्षी शाळेची पोरं भट्टी बघायला आली की हाच पठ्ठ्या बाटली खिडकीशी धरून सांगायचा, "बघा, हे बाटलीत भरलेलं ऊन आहे! हाडं पोलादाची होतात."

एकदा एका चिमुरडीनं विचारलं, "तू किती पितोस?"

"मी कधी मोजलंच नाही," टॉर्फी म्हणाला. अडतीस वर्षांत तेलाबद्दल बोललेलं त्याचं हे एकमेव खरं वाक्य असावं.

खरं ऊनही त्याच्या वाट्याला फारसं येत नसे. उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही, तेव्हा हा सात ते सात भट्टीत. आणि नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य दक्षिणेच्या डोंगराआड जातो तो जानेवारीच्या शेवटापर्यंत गावाला तोंड दाखवत नाही. उजाडतं, राखाडी उजेड पडतो, पण ऊन नाही.

म्हणून तर 'सूर्याची कॉफी' या सणाचं एवढं महत्त्व. गावाच्या वर, चढून गेलं की पाऊण तासावर, खडकाचा एक कट्टा आहे. सत्तावीस जानेवारीला दुपारी सव्वा एकच्या सुमाराला समोरच्या डोंगराच्या खाचेतून ऊन पहिल्यांदा त्या कट्ट्यावर पडतं. सात मिनिटं टिकतं आणि जातं. खाली रस्त्यावर यायला त्याला अजून आठवडा लागतो, पण तेवढा धीर कुणाला? एक माणूस आधीच वर जाऊन बसतो. तोंडावर ऊन आलं की उभा राहतो आणि जुन्या बोटीवरचा पितळी भोंगा फुंकतो. भोंगा वाजला की घरोघरी तवे चढतात. कट्ट्यावर ऊन आहे तोवर पहिलं गोड धिरडं उलटलं गेलं पाहिजे. मग त्यात रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा, वर साय, सोबत कॉफी, आणि संध्याकाळपर्यंत कुणी कामाचं नाव काढायचं नाही. भोंग्याआधी तवा तापवणारीचं नाव पुढची दहा वर्षं निघतं.

भोंगेवाल्याला नियम एकच. आपल्या पायांनी चढायचं, ऊन आलं की आपल्या पायांवर उभं राहायचं. ज्या वर्षी जमणार नाही त्या वर्षी भोंगा दुसऱ्याच्या हाती. टॉर्फीकडे तो एकतीस वर्षं होता.

आणि मागच्या जानेवारीत त्याला वर पोचायला दीड तास लागला.

"बर्फ मऊ होता," तो खाली येऊन म्हणाला.

"बर्फ सगळ्यांनाच मऊ असतो," पोस्टातला केटिल हसून म्हणाला. केटिल पन्नाशीचा, सडसडीत, उगाच डोंगरावर पळत सुटणारा माणूस. भोंग्यावर त्याचा कधीपासून डोळा.

उन्हाळ्यात टॉर्फीच्या मांड्या दुखायला लागल्या, कंबर धरली. ऑक्टोबरपर्यंत जिना चढताना तो कठड्याला असा धरायचा की जणू बोट बुडतेय. मोठ्या गावच्या डॉक्टरांनी छाती तपासली, साखर तपासली, गुडघ्यांचे फोटो काढले. एक गोष्ट मात्र कुणी तपासली नाही. ज्या तेलात ड जीवनसत्त्व ठासून भरलेलं, त्याच्याच भट्टीवाल्याला ते कमी? असला विचार द्रांगवीकमध्ये कुणाला शिवणारच नाही.

तो शिवला बोजेनाला. बोजेना ही दवाखान्यातली नवी नर्स, पोलंडहून आलेली. गावात सगळे सगळ्यांना तू म्हणायचे. ही एकटी वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणायची, त्यामुळे पेशंट आधीच घाबरून जायचे.

"तुम्ही बसा, टॉर्फी."

"तुम्ही? का, किती दिवस राहिलेत माझे?"

"हात छातीवर बांधा आणि न टेकता खुर्चीतून उठून दाखवा."

त्याला उठता आलं नाही. पुन्हा जोर लावला. पुन्हा. तिसऱ्या वेळी खुर्चीच पुढे सरकली, टॉर्फी जागच्या जागी. बोजेनानं रक्त घेतलं.

निकालाच्या दिवशी मार्सिबिल सोबत आली. बोजेना कागद बघून म्हणाली, "ड जीवनसत्त्व एकोणीस आहे. निदान पन्नास तरी हवं. स्नायूंची ताकद त्यामुळेच गेलीय."

मार्सिबिल मोकळेपणानं हसली. "बाई, नळी बदलली असेल तुझी. हा रोज भट्टीवर पितो."

टॉर्फी भिंतीवरचं दात घासण्याचं चित्र फार लक्ष देऊन पाहायला लागला.

"टॉर्फी. पितोस ना?"

"कधी कधी... म्हणजे वास तर रोजच घेतो."

"अडतीस वर्षं!" मार्सिबिल उठून उभीच राहिली. "अरे, लोकांच्या नवऱ्यांच्या दुसऱ्या बायका निघतात, तुझा निघाला काय, तर चमचा! मी अख्ख्या गावाला पाजतेय आणि घरचा माणूस कोरडा!"

"ते जाऊ दे," टॉर्फी बोजेनाकडे वळला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "सत्तावीस जानेवारीला मला कट्टा चढता येईल का? एवढंच सांग."

बोजेनानं भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मोजली. "अकरा आठवडे आहेत. डॉक्टर जास्त ताकदीच्या कॅप्सूल देतील, आठवड्याला एक. नंतर रोजचा डोस. आणि चालायचं, रोज. होईल असं मी म्हणत नाही. होऊ शकेल म्हणते."

टॉर्फीचे डोळे एकदम लकाकले. "मग सगळ्या कॅप्सूल या आठवड्यातच घेतो ना! एकदम जोर येईल!"

"एकदम मुतखडा येईल! आठवड्याला एक म्हणजे एक."

"आणि चमचा?" मार्सिबिलनं विचारलं.

बोजेनानं हिशेब करून सांगितलं, "एक चमचा चालेल. एकच."

"पुरे आहे," मार्सिबिल म्हणाली. तिच्या आवाजातला गोडवा ऐकून टॉर्फीला घाम फुटला.

त्याच संध्याकाळी, गरम पाण्यात अर्धं गाव बसलेलं असताना मार्सिबिल बाटली घेऊन काठावर आली. "मंडळी, आज एक नवीन गिऱ्हाईक आहे!" टॉर्फीनं नाक दाबलं, डोळे मिटले, गिळलं आणि डोकं पाण्याखाली घातलं. वर आला तेव्हा हसणं डोंगरावर आदळून परत येत होतं. भट्टी बघून गेलेली ती चिमुरडी तर काठ बडवत होती, "अजून एक! अजून एक!"

केटिल शेजारी सरकला. "भोंग्याचं काय करतोस या वर्षी? घासूनपुसून ठेवायचा तर मी नेतो."

"घासलाय," टॉर्फी म्हणाला. नुसत्या रागानं त्याचा दुसऱ्या दिवशीचा चमचा न दाबलेल्या नाकानं आत गेला.

मग सुरू झालं. रोज सकाळी भट्टीआधी चर्चपर्यंत, मग शाळेपर्यंत, मग पुलापर्यंत. काठी घेऊन, बर्फाळ रस्त्यावर बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून. डिसेंबरभर काही फरक नाही. मांड्या ठणकायच्या, हातांशिवाय खुर्ची सोडवायची नाही. नाताळाच्या जेवणातून उठताना त्यानं टेबलाचा कापडासकट आधार घेतला आणि मेंढीची तंगडी जमिनीवर गेली. मार्सिबिलनं ती उचलून, पुसून परत ताटात ठेवली. ती चिडली नाही याचीच त्याला जास्त भीती वाटली.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात तो भट्टीचा जिना उतरून खाली आला आणि थबकला. दोन्ही हातांत बादल्या होत्या. मग कठडा धरला होता कोणी? तो बादल्यांसकट परत वर गेला, परत खाली आला. बादल्या ठेवून तसाच फोन लावला. "मार्सिबिल! दोन्ही हात भरलेले होते!"

"कशानं भरलेले? टॉर्फी, काय सांडलंस?"

सव्वीस तारखेला बोजेना तलावावर भेटली. "एक सांगून ठेवते. उद्याच्या उन्हानं तुमच्या हाडांना काही मिळणार नाही. जानेवारीत सूर्य फार खाली असतो. त्यासाठी मे महिना. दुपारी बाह्या वर करून भट्टीच्या बाहेर अर्धा तास. कबूल?"

"कबूल. पण उद्याचं ऊन हाडांसाठी थोडंच आहे!"

दुसऱ्या दिवशी तो अकरालाच निघाला. आकाश निरभ्र, थंडी कडकडीत. केटिल कोपऱ्यावर बुटांची नाडी बांधत होता आणि ती नाडी तासभर बांधूनच होत नव्हती. टॉर्फी वीस पावलं चढायचा, थांबायचा, पुन्हा वीस. मधल्या घळीत तर चांगला दहा मिनिटं थांबला. खाली स्वयंपाकघरांच्या खिडक्यांत गाव नाक लावून उभं होतं. पीठ भिजवलेलं, तवे थंड. पाऊण वाजता तो ठिपका कट्ट्यावर पोचला, दगडावर बसला, आणि खाली असा गलका उठला की केटिलची नाडी एकदाची बांधून झाली.

पण अर्धंच काम झालं होतं. टॉर्फीच्या मांड्या थरथरत होत्या. धरायला वर काही नव्हतं, ना टेबल, ना कठडा. एक वाजून चौदा मिनिटांनी समोरच्या खाचेची कड पेटली, आणि ऊन सरळ त्याच्या चेहऱ्यावर आलं. पिवळं, बारीक, थंडगार ऊन. त्यानं हात छातीवर बांधले, बोजेनाच्या खुर्चीत बांधले होते तसे, आणि उठला.

उठला! सहज! त्याचा त्यालाच विश्वास बसेना. खात्री करायला तो पुन्हा बसला. पुन्हा उठला. पुन्हा बसला.

खाली गावाचा जीव टांगणीला लागला. कट्टा सोन्यासारखा झगझगतोय आणि भोंगेवाला उठाबशा काढतोय! एक मिनिट. दोन मिनिटं. पाळक अंगणात ओरडला, "भोंगा! अरे, भोंगा फुंक!"

"डोक्यावर परिणाम झाला वाटतं," तलावाच्या दाराशी येऊन केटिल म्हणाला.

मार्सिबिल तलावाच्या स्वयंपाकघराच्या दारात डोळ्यांवर हात धरून उभी होती. तिनं मोजलं. चार, पाच, सहा वेळा. हात छातीवरच. तिच्या शेजारी बोजेना दोन्ही मुठी आवळून स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती.

"परिणाम झालाय खरा," मार्सिबिल म्हणाली, "पण तेलाचा." आणि गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच, चोरून नव्हे तर सगळ्यांच्या देखत, भोंग्याआधी तिनं तवा चढवला.

भोंगा वाजला तेव्हा उन्हाची दोनच मिनिटं उरली होती. घरोघरी धावपळ, सांडलेलं पीठ, एकमेकांवर आरडाओरडा. वेळेत उलटलं गेलं ते एकच धिरडं. मार्सिबिलचं.

टॉर्फी खाली आला तेव्हा ते बशीत वाट बघत होतं, मुरंबा आणि साय घालून. शेजारी चमचा होता. भरलेला.

"आधी हा," मार्सिबिल म्हणाली.

"आज सणाचा दिवस आहे गं!"

"म्हणूनच काठोकाठ भरलाय."

त्यानं गिळला, डोळे पुसले, आणि बशी हातात घेऊन उभ्या उभ्याच खायला लागला. बोजेनानं खुर्ची पुढे केली, तर त्यानं नकारार्थी मान हलवली.

"बसतो गं नंतर," तो तोंड भरलेलं असताना म्हणाला. "घाई काय आहे? उठता येतंय आता."