बारा आणे पोट परदेशात

माझं बारा आणे पोट परदेशात आहे आणि चार आणे लातुरात. देशाचं नाव लिहीत नाही, कारण त्या बिचाऱ्या देशाचा यात फारसा दोष नव्हता. दोष होता एका सत्तावन्न वर्षांच्या, अंगानं आणि अकलेनं सारख्याच फुगलेल्या बाईचा. ती बाई मीच. नातवंडं विचारतात, "आजी, तू तेव्हा एवढी येडी होतीस?" मी प्रामाणिकपणे सांगते, नाही रे, याहून जास्त होते, तुम्हाला अर्धंच सांगितलंय.

आमच्या ह्यांची लातूरच्या मोंढ्यात आडत. तूर, हरभरा, सोयाबीन. घरातल्या वजनकाट्याची सुई शेवटच्या आकड्याला टेकून थरथरायला लागली, तेव्हा मला वाटलं काटाच बिघडला. खात्री करायला दुकानावर गेले आणि पोत्यांच्या काट्यावर उभी राहिले. (दुपारची वेळ, गर्दी नसेल असा माझा अंदाज. ऐन सोयाबीनच्या हंगामात!) हमालानं सवयीनं खड्या आवाजात आकडा पुकारला. ओट्यावर टेकलेला एक शेतकरी मान न वळवता म्हणाला, "ह्यो माल कुणाचा?"

"माझाच हाय," आमचे हे म्हणाले. तेही सवयीनंच.

त्या रात्री मी ठरवलं की आता बास. गुडघ्याच्या डॉक्टरनं तर कधीचंच सांगून ठेवलं होतं, आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं बोलू. मी खाली बसले की मला उठवायला माणूस लागायचा, आणि तो माणूस दरवेळी आमचे हेच. त्यांच्या कमरेत चमक भरायची. म्हणजे एकीच्या वजनानं दोघं बेजार.

लातुरातच पोटाची ऑपरेशनं करणारे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडं गेलो. माणूस सज्जन, पण बोलणं वैऱ्याचं.

"काकू, ऑपरेशन करू. पण आधी चार-सहा महिने चाला, खाणं आवरा, साखर आटोक्यात आणा. मग बघू."

"डॉक्टर, खाणं आवरता आलं असतं तर मी तुमच्याकडं कशाला आले असते?"

"ऑपरेशन झाल्यावरही आवरावंच लागणार आहे."

हे वाक्य मी ऐकलंच नाही. (कान चांगले होते तेव्हा माझे.) मला फक्त 'सहा महिने' एवढंच ऐकू आलं.

घरी येते न येते तोच नांदेडहून इंदूचा फोन. इंदू माझी धाकटी बहीण. तिच्याकडं जगातल्या प्रत्येक दुखण्यावर शेजारीण असते.

"अक्का, तू काय करून राहिलीस? आमच्या शेजारणीनं परदेशात जाऊन केलं. इथल्यापेक्षा लई स्वस्तात. जाणं, येणं, राहणं, ऑपरेशन, सगळं त्याच्यातच. शनिवारी गेली आन् पुढच्या शनिवारी घरी."

"आणि आता?"

"आता पंजाबी ड्रेस घालून फिरून राहिली की."

झालं. मी पुन्हा त्या डॉक्टरांकडं गेले, म्हटलं, परदेशात करून घेतलं तर? त्यांनी खुर्ची मागं सरकवली आणि शांतपणे समजावलं. ऑपरेशन दोन तासांचं असतं, पण आतली शिवण धरली का सुटली हे पुढच्या दिवसांत कळतं. तेव्हा शिवणारा तिथं असणार आणि पोट इथं. परतीच्या विमानात तासन् तास बसून पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, ते निराळंच. "आणि काकू, मध्यरात्री उलटी झाली तर तुम्ही फोन कुणाला करणार?"

मी म्हणाले, "इंदूला."

मी धोका तोलला नाही असं कुणी म्हणू नये. चांगला तोलला. एका पारड्यात शिवण, गुठळ्या, मध्यरात्रीची उलटी. दुसऱ्या पारड्यात इंदूच्या शेजारणीचा पंजाबी ड्रेस. ड्रेसचं पारडं खाली गेलं. आडत्याची बायको असून!

आडत्यानं मात्र हिसाब सोडला नाही. परदेशी दवाखान्याची एक कोऑर्डिनेटर पोरगी व्हिडिओ कॉलवर आली, हिंदीत लाघवी बोलायची. मला 'आंटीजी', ह्यांना 'अंकलजी'. ह्यांनी चष्मा पुसून विचारलं, "हमाली, तोलाई धरके भाव है क्या अलग?"

"सब इन्क्लूडेड है अंकलजी."

"और माल बिगडा तो? वापस कौन लेगा?"

ती गोड हसली. "अंकलजी, ऐसा कुछ होता ही नहीं."

कॉल संपल्यावर हे म्हणाले, "माझा माल कधी बिघडतच न्हाई असं जो म्हणतो ना, त्याच्या पोत्यात सळई खुपसून दाणे बघितल्याबिगर मी बोली लावत न्हाई."

"मी काय पोतं आहे?" मी कडाडले.

(याचं उत्तर काट्यावर आधीच मिळून गेलं होतं.)

मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं: अबोला. ह्यांना दुकानात दिवसभर बोली ऐकायची सवय, घरात शांतता सोसवेना. चौथ्या दिवशी म्हणाले, "जा बाई. पण इंदूला संगं ने. आन् जिवाला जप." एवढंच. तेव्हा मला वाटलं, जिंकले. आज ते 'जिवाला जप' आठवलं की घास अडकतो. (तसा तो हल्ली नेहमीच अडकतो, पण त्याचं कारण वेगळं.)

तिथलं हॉस्पिटल चकाचक. नर्सा बाहुल्यांसारख्या. फक्त ऑपरेशनच्या आधी त्यातली एक माझ्या गळ्यातलं इष्टलिंग काढायला लागली. आम्ही लिंगायत, ते आम्ही जिवंतपणी अंगावेगळं करत नाही. लातूरच्या दवाखान्यात हे सांगावं लागत नाही. तिथं मी मराठीत सांगितलं, इंदूनं हिंदीत सांगितलं, मग दोघींनी हातवारे केले. शेवटी एका म्हाताऱ्या नर्सला काय उमगलं कोण जाणे, तिनं ते माझ्या मनगटाला बँडेजनं बांधून दिलं. भुलीची सुई लागली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण इथं कुणाच्याच कुणी नाही. पण तोवर उशीर झाला होता, आणि पैसेही भरले होते.

ऑपरेशन मात्र छान झालं. बारा आणे पोट कापून तिथंच राहिलं, चार आणे शिवून मला परत मिळालं. खरं तेच लिहिते. आठवड्यानं मी लातुरात उतरले ते हातात कागद घेऊन: इतके आठवडे फक्त पाण्यासारखं पातळ, मग मऊ, मग बाकीचं. सुरुवातीचे दिवस मी नारळपाणी आणि वरणाचं वरचं पाणी यांवर काढले. हे रोज संध्याकाळी विचारायचे, "शिवण कशी हाय?" जशी काही ती पाहुणी आलेली.

आणि मग तिसऱ्या आठवड्यात आली येळवस.

आमच्याकडं येळवस म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. मार्गशीर्षाची अमावस्या. सगळं लातूर कुलूप लावून रानात. दुकानं बंद, रस्ते ओस, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा, आणि मग दिवसभर खाणं. भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खिचडी, खीर आणि माठभर आंबील. त्या दिवशी कुणाच्याही रानात जा, खाल्ल्याशिवाय सुटका नाही. नाही म्हणणं म्हणजे भांडण.

मी कागद घेऊनच रानात गेले होते. थोरल्या पोरानं, शिवानं, गाडीतून खुर्ची आणली, कोपीजवळ मला बसवलं. समोर माठातून आंबील ओतली जात होती. ताकातली, ज्वारीच्या पिठाची, लसूण ठेचून घातलेली. मी कागद काढला. पातळ. मी आंबिलीकडं बघितलं. पातळ.

"काय करून राहिलीस अक्का?" येळवसीला आलेल्या इंदूनं विचारलं.

"पथ्य," मी म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावला.

इथं थांबले असते तरी निभावलं असतं कदाचित. पण भज्जी! हरभरा, वाल, तुरीचे ओले दाणे, चार पालेभाज्या, बेसनात रटरट शिजून लगदा झालेला. लगदा म्हणजे मऊ. मऊ हे कागदात पातळच्या खालच्याच ओळीत होतं. एका ओळीचा तर फरक!

हे पूजेचं ताट घेऊन रानाला फेरी मारून आले, तोवर मी अर्धा उंडा भज्जीत कुस्करून घेतला होता. माझ्या हातातली वाटी बघून त्यांचं तोंड उतरलं. "अगं, काय केलंस हे?"

"कुस्करलंय की. चावावं लागत नाही."

अर्ध्या तासात पोटात कुणीतरी सुरी फिरवावी तशी कळ आली. मग उलटी. मग डाव्या खांद्यापर्यंत कळ, घाम, डोळ्यांपुढं अंधार. शिवानं त्या कोऑर्डिनेटर पोरीला फोन लावला. नशीब, लागला.

"आंटीजी को उल्टी? फोटो भेजिए."

"किसका फोटो?" शिवा ओरडला.

"उल्टी का."

शिवानं तोही पाठवला. (पोराच्या मोबाईलमध्ये आईचा तेव्हाचा हा एकच फोटो आहे.) बऱ्याच वेळानं उत्तर आलं: कृपया अपने नज़दीकी डॉक्टर को दिखाइए.

नज़दीकी डॉक्टर! येळवसीला! मी ज्यांचं ऐकलं नव्हतं तेच ते डॉक्टर, आणि तेही रानात. फोन उचलेनात. पण त्यांचं शेत आमच्या लातूरच्या वाटेवरच, एवढं ह्यांना माहीत होतं. कोणतं, ते नव्हतं. मला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं इंदूच्या मांडीवर. जिथं कोप दिसेल तिथं शिवा गाडी थांबवी, हे उतरून धावत.

"डॉक्टरसायबाचं रान कंचं ओ?"

"पुढं हाय. पर आधी बसा की अण्णा, भज्जी घ्या."

"घरचं माणूस लई शीक हाय ओ."

"मंग त्यान्ला बी घिऊन या. आंबिलीनं बरं वाटतंय."

तिसऱ्या रानात एका म्हातारीनं तर गाडीच्या काचेतून वाटीच आत घातली. वास आला आणि मी तिथंच पुन्हा ओकले. ती म्हातारी ह्यांना म्हणाली, "दिवस गेलेत का?" जिवावर बेतलं होतं, तरी इंदू हसली. मीही हसले असते, पण हसलं की सुरी आणखी आत जायची. ह्यांच्याकडं बघितलं तर ते हसत नव्हते. रानाच्या मध्यात उभे राहून डोळे पुसत होते. उभ्या जन्मात मी ह्यांना दोनदाच रडताना बघितलं. आधीचं त्यांच्या आईच्या वेळी.

डॉक्टर सापडले ते बनियनवर, खांद्याला कांबळं, डोक्यावर आंबिलीचा माठ, पुढं त्यांची सगळी भावकी. त्यांनी माठ भावाच्या डोक्यावर ठेवला, गाडीत डोकावले, पोटाला हात लावला. मी कण्हत म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगितलं होतं ते..."

"भांडायला पुढं वेळ आहे, काकू. काय खाल्लं?"

"पातळच."

इंदू म्हणाली, "उंडा."

डॉक्टर कांबळ्यासकट आमच्या गाडीत बसले.

आतली शिवण एका जागी सुटली होती. आतलं बाहेर येऊन पोटात पसरलेलं. रात्रीतून ऑपरेशन, नळ्या, मग आठवड्यांमागून आठवडे दवाखान्यात. डॉक्टरांना पहिल्या ऑपरेशनचे तपशील हवे होते. तिकडं फोन केला की रिंग वाजत राहायची. नाकातल्या नळीतून मला जेवू घालत. मी डोळे मिटून एकच हिसाब करायची: एका पंजाबी ड्रेसपायी काय काय पणाला लावलं मी. तो ड्रेस पुढं शिवलाही, पोपटी. घालायला घेतला की ती नळी आठवते, म्हणून कपाटातच आहे.

हे रोज पलंगाशेजारच्या स्टुलावर. ऐन हंगामात आडत पोरावर टाकून. मी विचारायची, "जेवलात का?" म्हणायचे, "आत्ताच की." महिन्यानं इंदूनं फोडलं, "अक्का, दाजी डबा तसाच परत पाठवून राहिलेत. तू खाईना तर त्यांना घास उतरेना." मी रागावले त्यांच्यावर, नळीसकट जेवढं रागावता येतं तेवढं. त्यांनी खिडकीकडं बघून सांगितलं, "दोघांचं पथ्य एकच ठेवलं. सोपं जातंय."

घरी आलो तेव्हा गल्ली बघायला लोटली. समोरच्या काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग शेजारी बसलेल्या ह्यांना. गालफडं बसलेली, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा. काकूंची नजर काही ह्यांच्यावरून हलेना.

"अण्णा, झकास उतरलंय की वजन. तुम्ही कंच्या देशात केलंत?"

"म्या कुठं गेलो न्हाई ओ," हे म्हणाले. "बायकोला धाडलं."

सगळी गल्ली हसली, मीही हसले, शिवणीवर हात धरून. माझं उतरलेलं वजन दोन-तीन वर्षांत निम्मं परत आलं, चार आणे पोटातूनसुद्धा वाट काढून. ह्यांचं गेलेलं मात्र आजपर्यंत परत आलं नाही. आणि मी काही कमी रांधत नाही.