आईला ऐकू येत होते

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. लिहिण्याची सवयही मला नाही — तीस वर्षे दुसऱ्यांचे निबंध तपासले, स्वतःचे एक पान लिहिले नाही. त्यामुळे वाक्ये अडखळतील. तुम्ही थांबून ऐकाल, असे धरून चालते.

आधी आमच्या गल्लीविषयी सांगू का? तिथून सुरुवात करणे मला सोपे जाते. जळगावच्या बाहेर, महामार्गापलीकडे, शेते मोडून झालेली ही वसाहत. समोर गुजराती कुटुंब, कोपऱ्यावर सिंधी, मागे रेल्वेतून निवृत्त झालेले हिंदी बोलणारे गृहस्थ. अगदी भिंतीला भिंत लागून असोद्याच्या अक्का — माहेर-सासर दोन्हीकडे केळीच्या बागा, आणि लेवा बोली अशी खणखणीत की त्यांच्या घरातली भांडणे आम्हाला पाठ. संध्याकाळी दारे उघडी असत, आणि ज्याची त्याची भाषा रस्त्यावर येई. कोणाला त्याचा संकोच नव्हता. छापील मराठी फक्त आमच्या घरात. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे लोकांना ते स्वाभाविकच वाटे.

मी मूळची धुळ्याजवळच्या सोनगीरची, अहिराणी बोलणाऱ्या घरातली. हे मी गल्लीत कोणाला सांगितले नव्हते; माहेर धुळ्याचे, एवढेच सांगे. धुळ्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच तासाला तोंडून ‘माले माहीत शे’ असे निघाले आणि वर्ग हसला — पण हे मी कारण म्हणून सांगत नाही. हसणारे तास संपेपर्यंत विसरलेही असतील. लपवत राहिले ते मी.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. तिला अहिराणीखेरीज दुसरे काही बोलता येत नसे. येतानाच, गाडीत, मी तिला बजावले — शेजारपाजारी फार बोलू नकोस. तिने विचारले, “का व माय, मी काय वंगाळ बोलस का?” मी गाडीची काच वर केली.

सामान आत नेईपर्यंत अक्का भरीत घेऊन दारात उभ्या. “आली का माय? धुयाच्या बाईले जयगावचं ऊन चालीन ना? का पंखा लावून फडताळात ठिऊ तुले?” आई मोकळेपणी हसली. काही बोलण्यासाठी तिने तोंड उघडले — आणि मी मध्येच म्हणाले, “आईला ऐकू येत नाही हो, अक्का. मुळीच नाही.”

हे मी ठरवून बोलले नव्हते. ठरवून बोलले असते तर निदान लहान खोटे बोलले असते.

आईने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मग अक्कांच्या हातातले ताट घेतले, मान हलवली — आणि त्या क्षणापासून ती बहिरी झाली.

नवऱ्याला आणि सासरी असलेल्या मुलीला मी सांगितले, वडील गेल्यापासून तिचे कान गेले. मला वाटले होते, तेवढ्यापुरते निभावेल. पण तिने ते माझ्याहून नेटाने निभावले. कुकरची शिट्टी झाली तरी ती वळत नसे. मागे घागर पडली, तरी पापणी हलली नाही. पुढेपुढे घरात आम्ही दोघीच असतानाही ती खुणांनीच बोलू लागली. एकदा मी दार लावून, अगदी हळू, ‘माय’ अशी हाक मारली. ती मेथी निवडत होती. बोटे थांबली नाहीत. मला भीती वाटली. तरी मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. का नाही मारली? — कारण तिने ओ दिली असती, तर मला लोकांना खरे सांगावे लागले असते.

असे वर्षभर चालले.

मग एका सकाळी ती घामाने भिजलेली, पोटाच्या वर हात दाबून बसलेली दिसली. नवरा बाहेरगावी होता. अक्का रिक्षा घेऊन आल्या आणि आमच्याबरोबर दवाखान्यातही आल्या. तरुण डॉक्टर आईसमोर वाकले. “आजी, नेमकं कुठं दुखतंय? छातीत दुखतंय का? हाताकडे, जबड्याकडे कळ जाते?”

आई माझ्याकडे पाहत होती. अक्काही माझ्याकडे पाहत होत्या.

‘तिला ऐकू येते’ — एवढे एक वाक्य पुरे होते. किंवा मी अहिराणीत विचारले असते — ‘माय, कोठे दुखस?’ — तर तिने सांगितले असते. मला ते शब्द येत होते. जिभेवर होते. मी म्हणाले, “तिला ऐकू येत नाही, डॉक्टर. बहुधा पित्तच असेल. तिला होतं अधूनमधून.”

तिला पित्त कधी झाले नव्हते.

डॉक्टरांनी आणखी काही तपासण्या सुचवल्या. मी म्हणाले, उद्या करू. इंजेक्शन, गोळ्या घेऊन आम्ही परतलो. वाटेत अक्कांनी आईचा हात धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. स्पर्श करण्यापूर्वीच मला कळले होते.

दहावा झाला, पाहुणे गेले. अक्का स्वयंपाकघरात माझ्याजवळ खाली बसल्या. मग म्हणाल्या, “तू कालेजात गेली का ती येये माह्याकडे. रोज दुपारी. तिची बोली मले समजे, माही तिले. लय हसवे व ती.” मी मान वर केली नाही. “शपथ घातली व्हती तिनं मले. म्हने, पोरीचं नाक खाली होईन, कोनाले सांगजो नको. दवाखान्यात मी तुह्या तोंडाकडेच पाहू रायली होती. मले वाटलं, आता तरी बोलशीन.”

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. गल्लीत त्यांनी हे कोणाला सांगितलेले नाही. अजूनही एखाद्या दिवशी भरीत आणून देतात.

अक्का त्या दिवशी गप्प राहिल्या, कारण त्यांना माझ्या आईची शपथ होती. मला कोणीही शपथ घातलेली नव्हती.