पिस्टनवरचा आकडा

मी आरोग्यसेविका. माकणीच्या बाजूला आमचं उपकेंद्र आहे आणि वाड्यावस्त्यांवर जायला मोटरसायकल लागते. धाकट्या दिरांनी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांची जुनी मी घेतली. देताना ते म्हणाले होते, "वहिनी, इंजिनाला अजून पान्हा लागला न्हाय."

गाडी आधीपासूनच थोडा धूर सोडायची, पण पाठीमागं सुटणारा धूर चालवणाऱ्याला दिसत नाही. एका गरोदर बाईला तपासणीला नेत होते. चढावर तिनं पाठीवर थापटून गाडी थांबवायला लावली, उतरली आणि कडेला उलटी केली. म्हणाली, "सिस्टर, धुरानं मळमळतंय वो." वळून बघितलं तर चढावर निळसर धूर अजून रेंगाळत होता.

रविवारी मुरुम गावाला मिस्त्रीकडं गेले. त्यानं सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. बोट काळं आणि ओलं निघालं. "ऑइल खातीय. खोलावं लागंल. मॅडम, तुम्ही बाजार करून या."

"मी बसते इथंच," मी म्हणाले.

त्याला ते फारसं रुचलं नसावं, पण स्टूल दिलं. टाकी उतरली, मग इंजिनाचं हेड. हेडखालच्या पॅकिंगच्या कडेला सांधा बंद करायला लावलेलं लाल लुकण वाळलेलं होतं. ते नखानं खरवडत तो म्हणाला, "ह्ये आदी खोललंय कुणीतरी." त्यानं पिस्टनभोवतीचा ब्लॉक वर ओढला, पिस्टन काढून त्यावरची काजळी रॉकेलच्या फडक्यानं पुसली आणि तो माझ्यापुढं धरला. वर बारीक अक्षरात ०.५० कोरलेलं होतं. कंपनीच्या पिस्टनवर तसं काही नसतं, असं तो म्हणाला. ब्लॉक एकदा आतून कोरून मोठा केला होता आणि हा मोठ्या मापाचा पिस्टन नंतर बसवलेला होता. पिस्टनची जुनी रिंग त्यानं ब्लॉकमध्ये सरळ बसवली. तिच्या दोन टोकांमध्ये नुसत्या डोळ्यांना दिसावी एवढी फट होती, म्हणजे ती झिजली होती. आतल्या भिंतीवर उभे ओरखडे होते. टायमिंगची साखळी सैल झाली होती आणि व्हॉल्व्हचे रबरी सील कडक होऊन तडकले होते.

मी दिरांना फोन लावला. "भाऊजी, पिस्टनवर पॉइंट पन्नास आहे."

 ते एवढंच म्हणाले, "आलोच."

आले, पिस्टन हातात घेतला आणि खाली टायरवर बसले.

"आईला सोलापूरला डोळे दावायला नेलं व्हतं, तवा नळदुर्गच्या अलीकडं गाडी जाम झाली. तितंच खोलून पिस्टन बदलला."

"तुम्ही तर एसटीनं गेला होतात."

"तुम्ही गाडीवर न्यायचं न्हाय म्हनून बजावलं व्हतं. एसटीनंच जा म्हनलात. पर आईला गाडीवरच जायाचं व्हतं. मग म्हनली, थोरलीला कळलं तर माझं काय खरं न्हाय. शप्पत घातली मला."

सासूबाईंना साखरेचा आजार होता. पथ्य, गोळ्या, सगळं माझ्याकडं. त्या दिवशी त्या उशिरा आल्या होत्या आणि लुगड्यावर वंगणाचा डाग होता. एसटीच्या बाकाला लागलं म्हणाल्या. तो डाग मीच रॉकेल लावून घासला होता.

"दिवसभर काय केलं त्यांनी?"

"मिस्त्रीच्या दुकानात बसली की. त्याच्या बायकोसंग गप्पा मारल्या. भजी खाल्ली." त्यांनी पिस्टन खाली ठेवला. "जिलबी बी खाल्ली."

"किती?"

"लई."

मिस्त्री मान खाली घालून नट डब्यात टाकत होता. मला राग यायला हवा होता. आता त्या नाहीत, आणि डोळ्यांची ती तपासणी शेवटी झालीच नव्हती, हेही आत्ता कळत होतं. मी एवढंच विचारलं, "सोलापूरला पोचलाच नाही म्हणजे?"

"न्हाय. तिकडनंच मागं फिरलो. पर लई खूश व्हती, वहिनी. वाटंनं गात आली."

सासूबाईंना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरात सोळा वर्षं नांदूनसुद्धा.

ब्लॉक पुन्हा कोरून पुढच्या मापाचा पिस्टन घालायचा ठरला. कोरायचं लेथ मशीन उमरग्याला. दीर म्हणाले, मी नेतो, आणि ब्लॉक पोत्यात गुंडाळून घेऊन गेले. पुढच्या रविवारी मी दिरांच्या गाडीवर गेले आणि इंजिन जुळलं. रिंगा, सील, साखळी, पॅकिंग सगळं नवं. मिस्त्रीनं गाडी चालू करून सायलेन्सरपुढं पांढरा कागद धरला. कागद कोरडा राहिला. "सुरवातीला पळवू नका, वझं बी नको," त्यानं सांगितलं.

म्हणून परतताना गाडी हळूहळू चालवली. दिरांची गाडी नवी, पण तेही तेवढ्याच वेगानं मागं येत राहिले. ऊस भरलेले ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून जात होते. माकणीच्या फाट्यावर मी थांबले आणि विचारलं, "काय गात होत्या?"

"शब्द न्हाय कळले," ते म्हणाले. "हेल्मेट व्हतं."

मग ते शेताकडं वळले आणि मी उपकेंद्राकडं.