अर्धी बाटली ऑइल

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या मराठी माणसाचं कुठलंही यंत्र रुसलं, की पहिला फोन शुभा मगदूम यांना जातो. वय चोपन्न, केस आखूड, आणि पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी प्लग खोलायचा पाना. वडिलांचं इचलकरंजीत पंपदुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मैत्रिणी लगोरी खेळायच्या, ही पोर इंजिनं उघडायची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, रवींद्रबरोबर, इकडे आल्या. व्हिसापायी आठ वर्षं नोकरी करता आली नाही, तेव्हा शेजारपाजारची गवतकापणी यंत्रं दुरुस्त करून जीव रमवला. ग्रीन कार्ड हातात पडताच अवजारं भाड्याने देणाऱ्या एका दुकानात काउंटरवर लागल्या. महिन्याभरात मालक डेलने त्यांना काउंटरवरून उठवून मागच्या शेडमध्ये नेलं, ते आजतागायत त्या तिथेच आहेत.

महाराष्ट्र मंडळात कोणी "तुम्ही काय करता?" विचारलं, की त्या सांगत, "बंद पडलेलं चालू करते." आणि लगेच पुढचं वाक्य: "शंभरातले नव्वद बिघाड यंत्रात नसतात, दांडा धरलेल्या माणसात असतात."

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी गुरुदत्तचा फोन आला. हा मूळचा नागपूरचा, आयटीतला. मागच्या अंगणात फरश्या बसवून पॅटिओ करायचा त्याने चंग बांधला होता. त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी त्याने शुभाकाकूंच्याच दुकानातून प्लेट कॉम्पॅक्टर नेला होता. आपल्याकडे बांधकामावर गडी धुम्मस आपटून जमीन ठोकतात ना, तेच काम करणारं हे इंजिनाचं यंत्र. खाली जाड लोखंडी पत्रा, वर इंजिन, आणि चालू झालं की सगळं थडथडत पुढे सरकतं.

"काकू, मशीन चालू होते, दहा सेकंद नाचते अन् गप! सकाळपासून दोरी ओढून ओढून खांदा गेला बाप्पा माझा."

"तू काय केलंस तिला?" काकूंनी विचारलं.

"मी काहीच नाही केलं! व्हिडिओ पाहूनच करून राहिलो नं!"

'व्हिडिओ' ऐकताच काकूंचं निदान झालं. सुट्टी होती, तरी पाने-पकडी घेऊन त्या निघाल्या.

अंगणात तांबड्या मातीचा नुसता काला झाला होता. मधोमध, जरा उतारावर, यंत्र उभं. शेजारी गुरुदत्तची बायको हिमानी, हातात लॅपटॉप. नवऱ्याने कोणकोणते उपाय केले त्याचा तिने तक्ता केला होता. प्लग बदलला, पेट्रोल नवं भरलं, हवेचा फिल्टर झटकला.

"पुढच्या रकान्यात 'काकूंना बोलावणे' होतं," ती म्हणाली.

काकूंनी यंत्राला एक फेरी मारली. पत्र्याखाली चिखलाचा थर चिकटला होता, तो खरवडायला लावला. पट्टा बोटाने दाबून पाहिला, ठीक होता. इंजिन आणि पत्रा यांच्यामधले रबर तपासले, एकही तडकलेला नव्हता. दोरी ओढली. यंत्र थडथडलं, आणि काकूंच्या हातातच गप्प झालं.

"बघा," गुरुदत्त म्हणाला. त्याच्या आवाजात जरासा आनंद होताच.

"हिला सपाटीवर घ्या," काकू म्हणाल्या. तिघांनी ढकलत यंत्र ड्राइव्हवेवर आणलं. काकूंनी ऑइलची काडी काढून पुसली, पुन्हा बुडवून वर घेतली. जेमतेम टोक ओलं होतं.

या इंजिनांत ऑइल कमी पडलं की इंजिन जळू नये म्हणून ते आपोआप बंद होतं. ते तर झालंच होतं. पण ऑइल कमी का? काकूंची नजर दांड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर गेली. 'ऑइल बदललं, तपासलं. एस. एम.' अक्षर त्यांचंच.

आणि मग त्यांना सगळं लख्ख आठवलं. काल जुनं ऑइल काढून नवी बाटली अर्धी ओतली, तेवढ्यात इचलकरंजीहून बहिणीचा, शैलाचा, व्हिडिओ कॉल. भाचीच्या साखरपुड्याला मोरपंखी नेसू की गुलबक्षी? मोरपंखी ठरली, झाकण लागलं, चिठ्ठी बांधली गेली. उरलेली अर्धी बाटली शेडमध्येच राहिली. सपाट फरशीवर मिनिटभर इंजिन चाललंही होतं.

गुरुदत्त खाकरला. "काकू, मी उतारावर लावली म्हणून असं झालं असेल का? व्हिडिओत सांगतात तसं."

केवढी आयती पळवाट! आणि निम्मी खरीसुद्धा, उतारावर ऑइल एका बाजूला सरकतंच. काकूंच्या ओठांवर 'तर काय!' आलंच होतं. पण त्या काडीकडे पाहत राहिल्या. वडिलांच्या दुकानात असं घडलं असतं, तर त्यांनी गिऱ्हाइकासमोर आपल्याच डोक्यात टपली मारून घेतली असती.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "चूक माझी. काल मी अर्धंच ऑइल भरलं. बहिणीची साडी निवडत होते."

मग हिमानीने अत्यंत गंभीरपणे विचारलं, "हे तक्त्यात कसं लिहू? बिघाडाचं कारण, साडी?"

आधी काकूच हसल्या, पोट धरून. तिथूनच त्यांनी डेलला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शुभा, गेली अकरा वर्षं मी तुझ्या एका तरी चुकीची वाट बघतोय. थँक यू!"

गाडीतल्या बाटलीतून ऑइल भरलं. पहिल्याच ओढीला यंत्र सुरू झालं आणि बंद पडायचं नाव घेईना. गुरुदत्त दांडा धरून निघालाच होता, तोच काकूंनी त्याला अडवलं. जमिनीतली मूठभर माती घेऊन त्यांनी लाडवासारखी वळली आणि बोटाने दाबली. लाडू फुटला नाही, बोटाला चिकटून लांबला.

"पाणी किती मारलंस?"

"व्हिडिओत माती ओलसर करा म्हणाले होते..."

"ओलसर म्हणाले, थालीपीठ लाव नाही म्हणाले! यावर यंत्र फिरवलंस तर पत्रा रुतून बसेल. वाळू दे."

म्हणजे यंत्र काकूंनी बिघडवलं होतं आणि जमीन गुरुदत्तने. फिटंफाट झाली म्हणून तो खुशीत आत गेला आणि तर्री-पोहे करून आला. उन्हं कलेपर्यंत तिघं पायरीवर बसून माती वाळताना बघत राहिले.

चारला लाडू नीट फुटला. मातीवर खडीचा चार बोटं जाडीचा थर पसरला. गुरुदत्तने दांड्याला हात घातला, तर हिमानी आडवी आली. "तुझा खांदा गेलाय ना? सरक."

तिने दोरी ओढली. यंत्र थडथडत निघालं आणि तिला ओढतच कुंपणापर्यंत घेऊन गेलं. "ओढू नकोस, ढकलू नकोस, नुसती वळव!" काकू मागून ओरडत होत्या. तिसऱ्या फेरीला हिमानीने झोकात वळण घेतलं. थांबली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

"काकू," धाप टाकत ती म्हणाली, "तुमच्या शेडमध्ये शनिवारी माणूस लागतो का?"